हौद्यावरून बांधावर

१. प्रश्न

भातकापणीचे दिवस जवळ आले की पनवेल तालुक्यातील गावांत एक शंका हमखास निघते. ट्रेलरवर चढताना यंत्राच्या इंजिनाला धाप लागते, तरी ते नीट चढते. मग उतरताना, म्हणजे इंजिनाला जवळजवळ काहीच ओढायचे नसताना, तेच यंत्र घसरते, तिरके होते किंवा फळीवरून कलंडते, ते का?

उत्तराचा धागा प्रश्नातच आहे. चढताना यंत्राला वर नेणारा जोर इंजिनाचा असतो आणि तो कमी-जास्त करणे चालकाच्या हाती असते. उतरताना जोर लावते ते खुद्द यंत्राचे वजन, आणि चालकाकडे उरते ते फक्त त्याला आवरण्याचे साधन. ते साधन म्हणजे ब्रेक आणि गिअर, पण ही दोन्ही शेवटी चाकाच्या रबराने फळीवर धरलेल्या पकडीतूनच काम करतात. पकड सुटली की निष्णात चालकही केवळ प्रवासी ठरतो. म्हणून या प्रकरणात चालकाच्या कौशल्याविषयी थोडे आणि जागा, उंची, लांबी व माती यांविषयी अधिक सांगितले आहे.

येथे दोन यंत्रे उदाहरणादाखल घेतली आहेत. एक, सुमारे दोन टनांचा मध्यम ट्रॅक्टर, जो जवळच्या गावी स्वतः चालत जातो, पण लांबून यायचा असेल तर ट्रेलरवर येतो. दुसरे, रबरी पट्ट्यांवर चालणारे सुमारे तीन टनांचे भातकापणी यंत्र, ज्याला डांबरी रस्त्यावर लांब चालवणे परवडत नाही आणि म्हणून दर गावबदलाला ते चढवावे व उतरवावे लागते.

२. उताराचे गणित

ट्रेलरचा हौदा, म्हणजे ज्यावर यंत्र उभे असते तो सपाट भाग, जमिनीपासून तीन फूट उंच आहे असे धरावे. त्याला टेकवलेली फळी, मग ती लाकडी असो वा लोखंडी चॅनेलची, जितकी आखूड तितका उतार तीव्र, हे कोणालाही दिसते. पण किती तीव्र याचा अंदाज डोळ्यांना नीट येत नाही. त्यासाठी एक सोपे गणित पुरते. हौद्याच्या उंचीला फळीच्या लांबीने भागावे आणि येणाऱ्या अपूर्णांकाने यंत्राच्या वजनाला गुणावे; जे उत्तर येते तितक्या वजनाची ओढ यंत्राला उताराच्या दिशेने खेचत असते.

दोन टनांच्या, म्हणजे २,००० किलोच्या ट्रॅक्टरसाठी हे करून पाहावे. फळी सहा फुटांची असेल तर तीन भागिले सहा म्हणजे अर्धा, आणि ओढ १,००० किलोची. फळी नऊ फुटांची केली तर ओढ सुमारे ६६७ किलोवर येते आणि बारा फुटांची केली तर ५०० किलोवर. फळी दुप्पट लांब केली की ओढ निम्मी होते.

या उताराची तीव्रता मनात ठसण्यासाठी पनवेलकरांच्या ओळखीच्या घाटाकडे पाहता येते. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गाचा कमाल चढ ३७ फुटांना एक फूट इतका आहे, आणि तेवढ्यासाठीही गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडावी लागतात, शिवाय ब्रेक सुटलेली गाडी वळवून थोपवण्यासाठी वेगळे रूळ टाकावे लागले. नऊ फुटांच्या फळीचा उतार तीन फुटांना एक फूट, म्हणजे बोरघाटाच्या बारापट तीव्र असतो. तेथे रुळावर लोखंडी चाक असते आणि येथे रबर, ही तफावत मोठी आहे, हे मान्य; पण ज्या उताराला रेल्वे इतकी भिते त्याच्या बारापट उतारावर यंत्र घालताना निदान चप्पल घालून आणि फोन कानाला लावून बसू नये, इतका बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

३. पकड कुठे असते

बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. सपाट जमिनीवर ट्रॅक्टरचे साधारण दोन तृतीयांश वजन मागच्या चाकांवर असल्याने ही व्यवस्था शेतात पुरेशी ठरते. परंतु ट्रॅक्टर तोंड पुढे करून फळीवरून उतरू लागला की वजन पुढे सरकते, जसे जिना उतरताना डोक्यावरच्या हंड्यातले पाणी पुढच्या बाजूला येते. पुढच्या चाकांवर भार वाढतो, पण त्यांना ब्रेक नाहीत. ज्यांना ब्रेक आहेत ती मागची चाके हलकी होतात. नऊ फुटांच्या फळीवर ढोबळ हिशेब केला तर मागच्या चाकांवर १,३०० किलोऐवजी हजार किलोच्या आसपास भार उरतो आणि त्या भाराच्या बळावर ६६७ किलोची ओढ थोपवायची असते. कोरड्या, खरबरीत फळीवर रबराला हे कसेबसे जमते. चिखल लागलेल्या लोखंडावर जमत नाही.

मग ट्रॅक्टर उलटा, म्हणजे मागची बाजू खाली करून, रिव्हर्समध्ये का उतरवू नये? तसे केल्यास भार मागच्या चाकांवर येतो आणि पकड वाढते, हे खरे. पण त्या स्थितीत ब्रेक एकदम दाबला तर मागची चाके जागीच थांबतात, वरचे धूड मात्र खाली येतच राहते आणि पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकासकट मागे उलटू शकतो. घसरलेला ट्रॅक्टर बहुधा फळीच्या पायथ्याशी थांबतो. मागे उलटलेला चालकाच्या अंगावर येतो, आणि ते इतक्या वेगाने घडते की उडी मारायला वेळ मिळत नाही. या दोन धोक्यांत निवड करायची तर तीव्र उतारावर जड बाजू वर आणि हलकी बाजू खाली ठेवणे, म्हणजे ट्रॅक्टर मागून चढवणे व तोंडाने उतरवणे, हेच शहाणपणाचे. पुढे लोडर किंवा दुसरे जड अवजार जोडलेले असेल तर जड बाजू बदलते आणि नियमही फिरतो. कापणी यंत्राच्या पुढे कापणीचा पाता आणि मागे इंजिन-टाकी असल्याने त्याची दिशा मॉडेलागणिक वेगळी असू शकते. तिथे यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेली दिशाच पाळावी.

दिशा कोणतीही असो, काही गोष्टी बदलत नाहीत. फळीवर येण्याआधीच सर्वांत खालचा गिअर टाकलेला असावा, डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक पेडल एकमेकांना जोडणारी कडी लावलेली असावी आणि चारही चाकांना जोर देण्याची सोय असेल तर ती आधीच जोडलेली असावी, कारण मग इंजिनाचा रोध पुढच्या चाकांनाही मिळतो. फळीवर असताना क्लच दाबू नये. क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो, यंत्र मोकळे सुटते आणि मग घाबरून दाबलेला ब्रेक चाके अडवतो, घसरण अडवत नाही.

४. फळी पळते ती कशी

फळी हौद्यावर नुसती टेकवून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती या कामातली सर्वांत वाईट पद्धत आहे. यंत्र उतरताना चाके आवरली जातात तेव्हा ती फळीला आपल्या जाण्याच्या दिशेने, म्हणजे ट्रेलरपासून दूर ढकलतात. चढताना चाके फळीला मागे रेटतात, आणि ही मागची दिशाही ट्रेलरपासून दूरचीच असते. चढवा की उतरवा, फळीचा कल ट्रेलरपासून सुटण्याकडेच राहतो. त्यामुळे तिच्या वरच्या टोकाला हौद्यात अडकणारा आकडा हवा आणि त्याखेरीज साखळीने ती ट्रेलरच्या सांगाड्याला बांधलेली हवी. दोन माणसांनी पाय रोवून फळी दाबून धरणे हा उपाय नव्हे. दोन माणसांचे वजन सव्वाशे किलो आणि ओढ पाच-सहाशे किलोची, हे गणित वर झालेच आहे.

फळीच्या ताकदीचा हिशेब करतानाही एक चूक होते. तीन टनांचे यंत्र दोन फळ्यांवर म्हणजे प्रत्येकीवर दीड टन, असे मानले जाते. पण यंत्र जरा कलले की एका फळीवर भार झपाट्याने वाढतो, म्हणून जेमतेम दीड टन पेलणारी फळी पुरत नाही. दोन फळ्यांमधले अंतर यंत्राच्या चाकांच्या किंवा पट्ट्यांच्या मधोमध मापून ठेवावे, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, कारण एकदा फळीवर आल्यावर दिशा सुधारता येत नाही. पट्ट्याच्या यंत्राला वळायचे तर एक पट्टा थांबवावा लागतो, आणि थांबलेला पट्टा खालच्या फळीला आडवे ढकलतो.

५. काठ

पट्ट्याचे यंत्र उतरवताना सर्वांत नाजूक जागा फळीवर नसते. ती हौद्याच्या काठावर असते. प्रत्येक वस्तूचे सगळे वजन जणू एकाच बिंदूत साठले आहे असे मानता येते, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. बोटावर तोललेल्या उलथन्याचा तोल ज्या जागी सांभाळला जातो ती त्याच्या गुरुत्वमध्याची जागा. यंत्र हौद्यावरून पुढे सरकत असताना त्याचा पुढचा भाग काठाबाहेर अधांतरी येतो, तरी गुरुत्वमध्य हौद्यावर असेपर्यंत यंत्र आडवेच राहते आणि काहीच घडत नाही असे वाटते. तो बिंदू काठ ओलांडतो त्या क्षणी मात्र संपूर्ण यंत्र एका झटक्यात पुढे झुकून फळीवर आपटते. लहान मुले खेळतात त्या सी-सॉवर मधल्या टेकूच्या पलीकडे पाऊल पडताच फळी खाली बसते, तसेच हे.

हा झटका टाळता येत नाही, पण सौम्य करता येतो. काठाजवळ आल्यावर गती गोगलगायीची ठेवावी, झुकण्याच्या क्षणी ब्रेक किंवा वेग यांपैकी कशालाही हात लावू नये आणि यंत्र फळीवर पूर्ण बसल्यावरच पुढे सरकावे. धान्याची टाकी आधी रिकामी करावी. टाकी यंत्राच्या वरच्या भागात असते आणि भरलेली टाकी गुरुत्वमध्याला वर नेते; वर गेलेला गुरुत्वमध्य झटका वाढवतो आणि कलंडणे सोपे करतो. पाता जमिनीला लागणार नाही इतकाच उचलावा, उगाच आभाळाकडे नेऊ नये.

६. ट्रेलरही गप्प बसत नाही

यंत्र मागच्या काठाशी आले की ट्रेलरचे शेपूट खाली दबते आणि तोंड वर उचलले जाते. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोनचाकी ट्रॉलीत हे फार स्पष्ट दिसते, कारण सगळा भार एकाच आसावर तोललेला असतो. ट्रॉलीचे तोंड वर उचलले गेले की ते ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी करते, आणि ब्रेक त्याच चाकांना असल्याने अख्खी जोडी मागे-पुढे सरकू लागते. म्हणून ट्रॉलीच्या मागच्या टोकाखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळ्यांचा टेकू द्यावा, चाकांच्या पुढे व मागे दगड किंवा पाचर लावावी आणि ट्रॉली ओढणाऱ्या वाहनापासून सोडू नये. सोडलेल्या ट्रॉलीवरून यंत्र उतरवणे म्हणजे तोंड मोकळे ठेवलेल्या सी-सॉवरून हत्ती उतरवणे.

यंत्राला बांधलेले पट्टे आणि साखळ्या सोडण्याची वेळही येथेच ठरते. पुष्कळदा गाडी थांबताच क्लीनर उडी मारून आधी पट्टे सोडतो, कारण ते त्याला दिसणारे पहिले काम असते. योग्य क्रम याच्या उलट आहे: चाकांना पाचर, शेपटाला टेकू, फळ्या लावून बांधणे, चालकाने बसून ब्रेक व गिअर तपासणे आणि सगळ्यांत शेवटी पट्टे. घाटावरून आलेल्या गाडीत तर पट्टे सोडण्यापूर्वी यंत्र बाजूला सरकलेले नाही ना हे पाहिलेच पाहिजे, कारण बोरघाटाच्या वळणांवर आणि ब्रेकच्या धक्क्यांत ताणलेले पट्टेही सैल पडतात.

७. पनवेलची माती आणि बांधाची युक्ती

आतापर्यंतचे सगळे कोठेही लागू पडेल. पण यंत्र प्रत्यक्ष कोठे उतरवायचे हा प्रश्न स्थानिक असतो. रायगडात हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे भात कापायला येते तेव्हा परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतो आणि खाचरे ओली असतात. पट्ट्याचे यंत्र अशा खाचरात चालते, कारण त्याचे वजन रुंद पट्ट्यांवर पसरते. तीन टन वजन, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर रुंद आणि १६० सेंटिमीटर जमिनीला टेकलेले दोन पट्टे असा हिशेब केला तर दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोहूनही कमी भार येतो, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या पावलाखाली येतो तितपतच. ट्रकच्या टायरखाली हाच भार त्यातल्या हवेच्या दाबाइतका, म्हणजे सात-आठ किलोंच्या घरात असतो. जिथे यंत्र चालते तिथे ट्रेलर रुतेल, आणि एका बाजूने रुतलेल्या ट्रेलरचा हौदा तिरका होईल. तेव्हा ट्रेलर पक्क्या जागेवर थांबवून यंत्राला स्वतःच्या पट्ट्यांवर शेतात जाऊ द्यावे. रस्त्याची साइडपट्टी पक्की दिसते, पण पावसाने तिची कड आतून पोखरलेली असते. मागची चाके डांबरावर राहतील अशीच गाडी लावावी.

आता बांधाची युक्ती. वर काढलेल्या गणितात फळीची लांबी वाढवून ओढ कमी केली होती. तेच काम उंची कमी करूनही होते, आणि ते स्वस्तात होते. हौदा तीन फूट उंच आणि फळीचे खालचे टोक दीड फूट उंचीच्या पक्क्या बांधावर ठेवले, तर उरलेली उंची दीड फूट. सहा फुटांच्या फळीवर ओढ दीड भागिले सहा, म्हणजे वजनाचा चौथा भाग, दोन टनांच्या ट्रॅक्टरसाठी ५०० किलो. दीड फुटाच्या बांधाने सहा फुटांच्या फळीला बारा फुटांच्या फळीची बरोबरी करून दिली. रस्ता शेतापेक्षा खाली असेल आणि कडेला मुरमाचा टप्पा असेल, तर कधीकधी हौदा आणि टप्पा समपातळीत येतात व फळीवर उतारच उरत नाही. जुन्या बैलगाडीवाल्यांना हे न शिकता माहीत होते; जड ओंडके उतरवताना ते गाडीची चाके खड्ड्यात घालत, त्यामागे हेच गणित होते.

मात्र बांध कोणता, हे पाहिलेच पाहिजे. खाचराचा नुकता घातलेला मातीचा बांध यंत्राखाली पसरतो. याहून गंभीर बाब खारभूमीची आहे. पनवेलच्या खाडीकाठी भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात आणि त्यातून पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराला उघाडी. हा बाहेरकाठा उंच, रुंद आणि नेमका ट्रेलरला सोयीचा दिसतो, पण तो यंत्र उतरवण्यासाठी वापरणे चूक आहे. पट्ट्यांनी त्याची कड तुटली तर पुढच्या उधाणाच्या भरतीत तिथूनच पाणी शिरते आणि नुकसान एका शेतकऱ्याचे न राहता अख्ख्या खाजणाचे होते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ यांसारखे भाताचे वाण दिले, तरी समुद्राचे पाणी रोज आत आले तर कोणताही वाण टिकत नाही.

८. माणसे आणि तारा

यंत्र उतरताना चालकाखेरीज कोणीही यंत्रावर, फळीजवळ किंवा उताराच्या समोर नसावे. ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊ नये म्हणून बॉनेटवर दोन पोरांना बसवण्याचा प्रकार तर ताबडतोब बंद व्हायला हवा. इशारा देणारा माणूस एकच असावा आणि तो चालकाला सतत दिसेल अशा बाजूच्या जागी उभा असावा. गावात यंत्र आले की जमणारी दहा माणसे एकाच वेळी ‘ये, ये’ आणि ‘थांब, थांब’ म्हणतात, आणि चालक त्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजाचे ऐकतो, सर्वांत शहाण्याचे नव्हे.

फळ्या नसतील किंवा यंत्र बंद पडलेले असेल तर हायड्रा, म्हणजे उचलून चालणारी क्रेन, मागवली जाते. कळंबोलीच्या पोलाद बाजारामुळे ती या भागात अपूर्वाईची राहिलेली नाही. हायड्राची क्षमता मात्र तिची भुजा जितकी लांब काढावी तितकी घटते, जसा हात लांब करून धरलेला कळशीचा भार जास्त जड वाटतो. बारा टनांची म्हणवणारी हायड्रा भुजा पूर्ण लांबवल्यावर त्याच्या अंशमात्रच उचलते. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारांकडे प्रथम पाहावे. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेचा नियम ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारांपासून क्रेनचा कोणताही भाग दहा फूट दूर ठेवायला सांगतो. गावच्या ११ हजार व्होल्टच्या तारांना तो पुरेपूर लागू पडतो. तार भुजेला चिकटेपर्यंत वाट पाहण्याची गरज नसते, पुरेसे जवळ आले तरी वीज हवेतून उडी घेते.

यंत्रासाठी फोन केला जातो तेव्हा भाडे, डिझेल आणि तारीख या तीनच गोष्टी बोलल्या जातात. त्याच फोनवर आणखी दोन आकडे विचारावेत, हौद्याची उंची आणि फळीची लांबी, आणि यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी टेप घेऊन उतरवण्याची जागा मोजून ठेवावी.